वाचकांचे प्रश्न : सुमेरच्या बोरूबहाद्दरांचा वारसा

दक्षिण इराकमधील सुमेर संस्कृतीविषयी मागील अंकात लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : तासाची साठ मिनिटे आणि पंचांगातील दिवसाच्या साठ घटिका, या दोहोंचे मूळ सुमेरमध्ये आहे असे वाचले. ते खरे आहे का? बाकी सारे दहाच्या पटीत मोजणाऱ्या जगाने घड्याळापुरते साठ का ठेवले? (नाशिक येथील एक निवृत्त गणितशिक्षिका)

उत्तर : साठाची मोजणी सुमेरची आहे, साठ मिनिटांचा तास मात्र त्यांचा नाही, आणि या दोन गोष्टींत तीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

उरुक या शहरात सापडलेल्या, इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर माणसे आणि गुरे मोजताना १, १०, ६०, ६००, ३६०० असे टप्पे दिसतात. धान्य मोजण्यासाठी मात्र वेगळीच पद्धत होती. ज्यांच्या आजीने तांदूळ पायलीने, दूध शेराने आणि लुगडे वाराने मोजले, त्यांना यात फारसे नवल वाटू नये. पुढे सुमारे एक हजार वर्षांनी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस, यातूनच साठावर आधारलेली स्थानमूल्य पद्धत तयार झाली. साठाची सोय आपण वर्गात अनेकदा दाखवली असेल. त्याला १ ते ६ या सर्व संख्यांनी नि:शेष भाग जातो, शिवाय १०, १२, १५, २० आणि ३० यांनीही जातो. दहाचा तिसरा हिस्सा करायला गेले की अपूर्णांक संपतच नाही, साठाचा तिसरा हिस्सा मात्र सरळ वीस येतो. ज्या कारकुनाला शेकडो मजुरांना जव वाटून द्यायचे होते, त्याला हा फरक रोज जाणवत असणार.

ही पद्धत वापरून बाबिलोनच्या खगोलज्ञांनी पुढे वर्तुळाचे ३६० भाग केले. ग्रीकांनी ती उचलली, आणि दुसऱ्या शतकातील टॉलेमीने अंशाचे साठ भाग व त्या प्रत्येक भागाचे पुन्हा साठ भाग करून ग्रहगणित मांडले. लॅटिनमध्ये यांना ‘पहिला लहान भाग’ आणि ‘दुसरा लहान भाग’ अशा अर्थाची नावे मिळाली. आपली मिनिट आणि सेकंद ही नावे तेथून आली. दिवसाचे चोवीस तास मात्र इजिप्तकडून आले आहेत. म्हणजे मनगटावरचे घड्याळ हे एका घराण्याचे नाहीच. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास सरकारी हुकमाने लागू करण्याचा प्रयत्न झाला; १७९५ मध्ये तो हुकूम गुंडाळून ठेवावा लागला.

पंचांगाच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. अंश, कला, विकला ही साठाची उतरंड सिद्धान्त-ज्योतिषात ग्रीकांच्या वाटेने आली, याची खूण भाषेतच आहे. कलेला संस्कृत ग्रंथांत ‘लिप्ता’ असेही म्हणतात आणि तो शब्द ग्रीक आहे, ‘होरा’ही ग्रीकच. परंतु दिवसाचे तीस मुहूर्त आणि साठ नाडिका (म्हणजेच घटिका) त्याआधीच्या वेदांग ज्योतिषातही आहेत. तेथेही मेसोपोटेमियाचा हात होता असे काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. आमच्या मते तिसाची दुप्पट साठ होते, एवढ्यासाठी सुमेरपर्यंत जाण्याचे कारण नाही.

वजनांत मात्र दुवा अधिक पक्का आहे. मेसोपोटेमियात साठ शेकेलचा एक ‘मना’ होत असे, आणि तो सुमारे अर्ध्या किलोचा होता. पश्चिम आशियातील भाषांतून फिरत अरबी-फारसीमार्गे आलेला आपला ‘मण’ हा त्याचाच वंशज असल्याचे अनेक कोशकार सांगतात. वाटेत तो चाळीस शेरांचा झाला, ही बाब वेगळी.

प्रश्न : लिपीचा शोध कवींनी किंवा पुरोहितांनी नव्हे तर कारकुनांनी लावला, असे आपण लिहिले. हे विधान अतिशयोक्त नाही का? (सांगली येथील एक वाचक)

उत्तर : नाही. उरुक आणि आसपासच्या काळातील पाच हजारांहून अधिक पाट्या व तुकडे उपलब्ध आहेत, आणि त्यांतील पाचांत चार भागांहून अधिक मजकूर हिशेबाचा आहे: किती मेंढ्या आल्या, किती जव दिले, कोणाकडे किती बाकी. उरलेला भाग बहुतांशी शब्दांच्या याद्यांचा असून तो शिकाऊ कारकुनांसाठी होता. त्यांत ना स्तोत्र आहे, ना राजाची कथा. साहित्य म्हणता येईल असा मजकूर सापडण्यासाठी पुढे सुमारे सहाशे वर्षे थांबावे लागते.

एक पाटी जवळून पाहू. तीवर २९,०८६ मापे जव, ३७ महिन्यांचा काळ आणि ‘कुशिम’ अशी वाचली जाणारी दोन चिन्हे आहेत. तेथील जव बिअरसाठी होते, असे मानले जाते. कुशिम हे माणसाचे नाव की हुद्द्याचे, यावर एकमत नाही. पण ते नाव असेल, तर जगातील लिखित नोंदीत आलेल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक नाव योद्ध्याचे नसून कोठार सांभाळणाऱ्या माणसाचे ठरते. चिन्हेही त्याच जगातली आहेत. शिध्याचे चिन्ह म्हणजे कडा तिरप्या असलेला एक साधा वाडगा, आणि माणसाच्या डोक्यापुढे तो वाडगा काढला की ‘खाणे’ असा अर्थ होतो. अशी वाडगी उत्खननांत हजारोंनी मिळाली आहेत.

लिहिण्याचे साधन वेताचे किंवा बोरूचे असे. ओल्या मातीवर रेघ ओढली की कड उचलली जाते आणि अक्षर बिघडते, म्हणून ओढण्याऐवजी टोक दाबण्याची रीत पडली आणि चित्रांची जागा पाचरीसारख्या खुणांनी घेतली. आपल्याकडे कारकुनाला थट्टेने बोरूबहाद्दर म्हणतात. सुमेरमध्ये ही पदवी शब्दश: लागू पडली असती.

एका योगायोगाचीही येथे नोंद करतो. ही लिपी वाचण्याच्या कामात ज्याचा मोठा वाटा होता, तो हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला होता. त्याने इराणमधील बेहिस्तून येथील शिलालेख उतरवून घेतला, परंतु त्या लेखात सुमेरियन भाषा नाही. ती भाषा कळली ती मुख्यत: शाळेतल्या सुमेरियन आणि अक्कादी (उत्तरेकडील अक्कादची भाषा) अशा द्वैभाषिक याद्यांमुळे, कारण ती बोलीतून गेल्यानंतरही शतकानुशतके पाठशाळांत शिकवली जात होती. म्हणजे मुलांनी मार खाऊन घोटलेल्या वह्यांचे ऋण आपल्यावर आहे. मार ही अलंकारिक भाषा नाही. एका जुन्या सुमेरियन कथेत एक विद्यार्थी दिवसभरात निरनिराळ्या कारणांसाठी छड्या खातो, मग वडिलांना सुचवून गुरुजींना घरी बोलावतो. तेथे त्यांना जेवण, नवे वस्त्र आणि अंगठी मिळते, आणि त्याच गुरुजींच्या तोंडून मुलाची तोंडभर स्तुती सुरू होते.

प्रश्न : चाक, नांगर, कायदा, बिअर, शाळा असे सारे काही सुमेरियनांनीच ‘प्रथम’ शोधले, असे संदेश मोबाइलवर फिरतात. किती विश्वास ठेवावा? (ठाणे येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : अशा यादीतील प्रत्येक ओळ वेगळी तपासावी. चाकाविषयी तर दावा करता येत नाही. पोलंडमधील ब्रोनोचित्से येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमाराच्या भांड्यावर चारचाकी गाडीचे चित्र आहे. सुमेरियन देव परग्रहावरून आले, या संदेशाला उत्तर देण्याची गरज वाटत नाही.

कायद्याचा दावा मात्र खरा आहे, आणि तो जितका सांगितला जातो त्याहून रोचक आहे. उपलब्ध कायद्यांत सर्वांत जुना ऊर शहराचा राजा ऊर-नम्मू याचा, इसवी सनापूर्वी २१०० च्या आसपासचा. त्यात हाड मोडल्यास एक मना चांदी, असा दंड आहे. ‘डोळ्याला डोळा’ हे तत्त्व त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी आलेल्या बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात दिसते. शारीरिक इजेची भरपाई पैशांत करण्याची आजची दिवाणी कल्पना आपल्याला हम्मुराबीपेक्षा ऊर-नम्मूच्या जवळची वाटावी.

प्रश्न : सुमेरचा आणि आपल्या उपखंडाचा प्रत्यक्ष संबंध होता काय? (गोव्यातील एक वाचक)

उत्तर : होता, आणि तो समुद्रमार्गे होता. मेसोपोटेमियातील लेखांत ‘मेलुह्हा’ नावाच्या देशाचा उल्लेख येतो, आणि तो सिंधू संस्कृतीचा प्रदेश होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. ऊर येथील राजघराण्याच्या दफनांत सिंधू प्रदेशातील घडणीचे लांबट अकीकाचे मणी सापडले. उलट गुजरातमधील लोथल येथे इराणच्या आखातातील धाटणीची मुद्रा मिळाली. खंभातला अकीक घडवणारे कारागीर आजही आहेत. सुमेरच्या उत्तरेकडील अक्कादचा राजा सारगोन याने मेलुह्हाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, अशी फुशारकी मारली आहे.

पण आम्हाला त्याहून बोलका वाटतो तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील त्याच अक्कादी काळातला एक छोटा शिक्का. मातीवर फिरवून ठसा उमटवण्याच्या त्या दंडगोलावर शू-इलिशू हे नाव कोरले आहे, आणि पुढे त्याचा व्यवसाय: मेलुह्हा भाषेचा दुभाषी.