वाचलं की येतं, मिटलं की जातं

"मॅडम, पोरगी अभ्यास करते, पण लक्षातच राहत नाही." नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी ऐकू येतं. त्याच्यासोबत येणारे प्रश्नही ठरलेले असतात: रात्री किती बदाम भिजवायचे, ब्राह्मीचं सिरप चालेल का, बुद्धीची एखादी टेस्ट करून घ्यावी का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एका मुलीची गोष्ट लिहून टाकते. तिला पूर्वा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पूर्वा बारावी सायन्सला होती. घर मानेवाड्याला, नीटचा क्लास सीताबर्डीला. आई सांगत होत्या, "दिवसभर पुस्तक धरूनच राहते हो. मोबाईल नाही, टीव्ही नाही. अन् पेपरात सारं कोरं." झोप, जेवण, रक्तातलं हिमोग्लोबिन, घरातले ताण हे सगळं मी आधी विचारून घेतलं. विसरण्याची मुळं कधी कधी तिथेच असतात. इथे तसं काही सापडलं नाही.

दुसऱ्या भेटीत तिला जीवशास्त्राची वही आणायला सांगितली. वही कसली, रांगोळीच होती ती! चार रंगांचे हायलायटर, व्याख्या चौकटीत, हृदयाची आकृती तर फ्रेम करावी अशी. मी मनापासून कौतुक केलं, वही मिटून माझ्याकडे ठेवली आणि म्हटलं, "आता रक्त हृदयातून कुठून कुठे जातं, सांग."

तिने आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ गेला.

"वही उघडी असली की सगळं येतं, मॅडम."

या वाक्यात अख्खं निदान होतं, पण तिला ते ऐकू आलं नव्हतं आणि मीही ऐकवायची घाई केली नाही. समुपदेशकाने दिलेलं उत्तर मुलं घरी पोहोचेपर्यंत विसरतात, स्वतःला सापडलेलं विसरत नाहीत. इतक्या वर्षांत माझी एवढी एक खात्री पक्की झाली आहे.

तिसऱ्या भेटीला ती पाऊण तास उशिरा आली, घामाघूम, आणि एकटी. रोज क्लासला पप्पा सोडायचे, त्या दिवशी त्यांना ताप होता. आईची स्कूटी घेऊन निघाली आणि तुकडोजी पुतळ्यापाशी उजवीकडे वळून थेट सक्करदऱ्याकडे लागली. "दीड वर्ष झालं मॅडम त्या रस्त्यानं जाऊन राहिली मी. अन् मलाच रस्ता नाही माहीत!" ती चिडली होती, थोडी रडकुंडीलाही आली होती.

ठरवलेला विषय मी बाजूला ठेवला आणि तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "काढ नकाशा. घरापासून क्लासपर्यंत."

तिने काढला. मानेवाडा चौक, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक, पुढे कॉटन मार्केट, लोखंडी पूल, सीताबर्डी. जिथे चुकली होती तिथे पेन दोनदा दाबून फुली मारली. "इथं एक पानठेला आहे, त्या काकांनी परत पाठवलं."

"हा ठेला दीड वर्षात कधी दिसला होता?"

"रोजच दिसत असेल ना. मी मागे बसून राहायची..."

ती थांबली. माझ्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं. ते मी गिळलं, आणि त्या प्रकरणातलं माझं सर्वात चांगलं काम तेच, असं मला आजही वाटतं. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मग पूर्वा हळूच म्हणाली, "म्हणजे अभ्यासात पण मी मागेच बसून राहिली, मॅडम. गाडी पुस्तकच चालवून राहिलं."

असं वाक्य मला सुचलं नसतं.

पालकांनी समजून घ्यावं असं इथेच आहे. तेच पान चौथ्यांदा वाचताना डोळे सरसर पुढे जातात, शब्द ओळखीचे वाटतात, आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान असं मन समजून बसतं. पण परीक्षेत पान समोर नसतं. तिथे आतून बाहेर काढावं लागतं, आणि त्याचा सराव मुलाने केलेलाच नसतो. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्यांनी एका सत्रात वाचला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. वारकऱ्याला अभंग पाठ असतो, कारण तो पोथी न उघडता पुन्हा पुन्हा म्हणतो. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली, हाताने काही केल्याशिवाय शिक्षण नाही असं सांगणारी. माझा ओढा त्याच बाजूचा आहे, हे लपवत नाही. तिथे हाताला चरखा दिला होता, मी पूर्वाला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा दिला.

रीत साधी ठरली. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कागदावर काढायचं, वाकडंतिकडं चालेल. मग पुस्तक उघडून चुकलेलं आणि सुटलेलं लाल पेनाने भरायचं. रंग तेवढा एकच. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर.

पहिला आठवडा वाईट गेला. सगळे कागद लालेलाल. तिचा रात्री फोन आला, "याच्यापेक्षा आधीचं बरं होतं, तेव्हा येतं असं तरी वाटायचं." मी विचारलं, सक्करदऱ्याला पोहोचलीस तो दिवस वाया गेला का? ती काही बोलली नाही, पण फोनही ठेवला नाही. आठवताना मेंदूला लागणारी ती ओढाताण म्हणजे हुशारी कमी असल्याची खूण नव्हे. शिकणं तेव्हाच चाललेलं असतं. मुलं नेमकी तिथेच सोडून देतात, आणि आपणही "येत नाही तर परत वाच" म्हणून त्यांना मागच्या सीटवर बसवतो.

म्हणून पालकांना माझं एकच मागणं असतं. संध्याकाळी "किती वाचलं?" असं विचारू नका. "आज काय आठवलं नाही?" असं विचारा, आणि उत्तर ऐकून चेहरा पाडू नका. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे, मला ठाऊक आहे. बदाम हवे तर द्या, चवीला चांगले असतात.

पूर्वा काही क्लासमध्ये पहिली आली नाही. चाचणीत तिचे गुण हळूहळू वाढले, जीवशास्त्रात जास्त, फिजिक्समध्ये बेताचेच.

दिवाळीनंतर तिच्या आईंचा फोन आला, आवाज काळजीचा. "मॅडम, आता ही पुस्तक धरूनच नाही राहिली. मिटून ठेवते अन् नुसती छताकडे पाहत बसते. काही बिघडलं तर नाही ना?"

"ओठ हलतात का तिचे?"

त्या बघायला गेल्या असाव्यात. "हो, काहीतरी पुटपुटून राहिली."

"मग दार हळूच लोटून घ्या," म्हटलं, "आणि चहाचं नंतर विचारा."