तरुण पाळकांनी एकत्र येऊन नव्या पद्धतीची उपासना उभी करावी का? अमेरिकेतल्या 'इमर्जंट' गटाकडून काय घेता येईल?

सप्रेम सलाम.

तुमचा प्रश्न मला असा समजला: सेमिनरीतून, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयातून, नुकतेच बाहेर पडलेले तुम्ही चार-पाच पाळक (पास्टर) मित्र आहात. चित्रं, संगीत आणि मोकळी चर्चा यांच्या मदतीने आजच्या, कुठल्याच मोठ्या दाव्यावर चटकन विश्वास न ठेवणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचावं असं तुम्हाला वाटतं. अमेरिकेतल्या 'इमर्जंट' या तरुण पाळकांच्या गटाबद्दल तुम्ही वाचलंय आणि तसं जाळं इथे विणावं का, असं विचारताय.

मी पाळक नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या स्थानिक चर्चच्या, पास्टोरेट कमिटीवर (कारभार पाहणाऱ्या समितीवर) बरीच वर्षं आहे आणि ही इमर्जंट चळवळ आस्थेने वाचत आलो आहे. माझं उत्तर 'हो' आहे, पण त्याला एक अट आहे, ती पुढे सांगतो.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९८४ साली बॉब बुफर्ड या केबल टीव्हीच्या व्यावसायिकाने 'लीडरशिप नेटवर्क' ही संस्था सुरू केली. मोठमोठ्या चर्चच्या पाळकांना एकमेकांशी जोडून देणं हे तिचं काम. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिने तरुण पाळकांना एकत्र आणायला सुरुवात केली आणि डग पॅजिट यांच्याकडे ते काम सोपवलं. सुरुवातीचा विषय साधा होता: विशी-तिशीतली मुलं चर्चमध्ये का येत नाहीत? बोलता बोलता या मंडळींच्या लक्षात आलं की अडचण वयाची नाही. सत्य, अधिकार, संस्था यांकडे बघण्याची सगळ्या समाजाची नजरच बदलली आहे. ब्रायन मॅक्लॅरन हे तर वयाने बरेच मोठे, आधी इंग्रजीचे प्राध्यापक, पण तेही याच गप्पांत ओढले गेले. २००१ च्या सुमारास हा गट मूळ संस्थेपासून वेगळा झाला आणि 'इमर्जंट' हे नाव त्याने घेतलं.

त्यांनी काय केलं हे पाहायचं तर मी पॅजिट यांची मिनियापोलिसची 'सॉलोमन्स पोर्च' ही मंडळी घेईन. ती २००० साली सुरू झाली. बाकांच्या रांगा नाहीत, गोलाकार मांडलेले सोफे. गाणी मंडळीतल्याच लोकांनी रचलेली. बाहेरच्यांचं लक्ष गेलं ते या सोफ्यांकडे. मला महत्त्वाची वाटते ती संदेशाची पद्धत. रविवारी वाचायच्या बायबलमधल्या भागावर आठवड्यात आधीच मंडळीतले लोक बसून बोलत, त्यातून संदेश तयार होई, आणि रविवारी संदेशानंतर कुणीही उठून आपलं म्हणणं मांडू शके. पाळकाला न पटणारं बोलायलाही तिथे जागा होती. आपल्याकडे किती मंडळ्यांत तरुण मुलगी उठून म्हणू शकते की, पास्टर, हे वचन मला पटत नाही, समजावून सांगा? ती घरी जाऊन गप्प बसते आणि वर्षभराने यायची थांबते. सोफे न आणताही तुम्ही हे उद्या सुरू करू शकता, आणि यासाठी तरी नक्की एकत्र या.

आता अट. इंग्लंडमध्ये शेफील्डला १९८६ मध्ये 'नाइन ओ'क्लॉक सर्व्हिस' ही तरुणांसाठीची उपासना सुरू झाली: क्लबमधलं संगीत, पडद्यावर चित्रं, अंधार, धूर आणि शेकडो तरुण. चर्च ऑफ इंग्लंडचे वरिष्ठ इतके हरखले की आत काय चाललंय हे नीट विचारलं नाही. १९९५ मध्ये तिथल्या स्त्रियांनी प्रमुखाच्या अत्याचारांबद्दल तोंड उघडलं आणि सगळं कोसळलं. तिच्या प्रमुखाला २०२५ साली न्यायालयाने स्त्रियांवरील अत्याचारांबद्दल दोषी ठरवलं. तीस वर्षं त्या बायकांनी हे ओझं वाहिलं. सिएटलच्या 'मार्स हिल'चे मार्क ड्रिस्कॉल सुरुवातीला इमर्जंटच्या त्या अमेरिकन तरुण पाळकांत होते, पुढे मतभेदांमुळे दूर झाले. त्यांची मंडळी अनेक शाखांपर्यंत वाढली. २०१४ मध्ये त्यांच्या दडपशाहीच्या वागण्याबद्दल तक्रारी वाढल्या, त्यांनी राजीनामा दिला आणि थोड्याच काळात ती मंडळी विसर्जित झाली. दोन्हीकडे कल्पकता भरपूर होती. केंद्रस्थानी असलेल्या माणसाला थांबवू शकेल असं कुणी नव्हतं.

म्हणून तुमच्या गटात पहिल्या बैठकीपासून वयाने मोठा एक तरी माणूस आणि किमान दोन स्त्रिया असाव्यात, आणि त्यांना हिशेब व वागणूक या दोन्हींबद्दल विचारायचा हक्क असावा. इमर्जंट गटावरची सर्वांत रास्त टीका हीच होती की त्यात बहुतेक गोरे पुरुषच बोलत होते.

आपल्या घरचंही एक उदाहरण आहे. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पाश्चात्त्य चालींच्या उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. हे धाडस मला अमेरिकेतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा मोठं वाटतं. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार ओसरला, कारण सगळं त्यांच्याभोवतीच होतं. त्यांची गाणी मात्र 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही आपण गातो, कारण ती लोकांच्या तोंडी होती.

तुमच्यातले काही जण पाळकांची बदली होते अशा मंडळ्यांत असणार. तेव्हा जे सुरू कराल ते मंडळीतल्या दोन-तीन सामान्य सभासदांना चालवायला शिकवा. नवा पाळक आला तरी त्यांच्या हातून ते चालू राहील. आणि पहिल्या भेटीत उपासनेच्या नव्या कल्पनांवर बोलायची घाई करू नका. प्रत्येकाने आपल्या मंडळीतून गेल्या वर्षात कोण कोण यायचं थांबलं त्यांची नावं काढावीत, भेटायला कधी जाणार ते ठरवावं, आणि पुढच्या बैठकीत ते काय म्हणाले ते एकमेकांना सांगावं.