पुस्तकाची वाट बघणं म्हणजे पळ काढणं नव्हे

प्रश्न : मावशी, मी 38 वर्षांची. शाळेतली कंत्राटी नोकरी संपली. या आठवड्यात तीन मुलाखती दिल्या. एका ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले, दुसरीकडे वय आडवं आलं, तिसरीकडे दहा मिनिटांत पाठ थांबवायला सांगितला. अशात मला ओढ कशाची, तर पुढच्या महिन्यात येणाऱ्या दोन रहस्य-कादंबऱ्यांची! एकीचे प्रकाशनपूर्व सवलतीत पैसेही भरले. नवरा म्हणाला, ‘घरात काय चाललंय आणि तुझं काय चाललंय!’ मी खरंच पळ काढतेय का? – स., सांगली

प्रिय स.,

नाही गं. पळ काढणारी बाई एका आठवड्यात तीन मुलाखती देत नाही.

माझं लहानपण लालबागच्या चाळीतलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यात आमचे दादा, म्हणजे माझे वडील. पहिले महिने ‘आज मिटेल, उद्या मिटेल’ करण्यात गेले, मग आईच्या पाटल्या गेल्या. त्या दिवसांतही दादा दर शनिवारी कोपऱ्यावरच्या लायब्ररीत नंबर लावायचे. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या रहस्यकथांवर वाढलेला माणूस, आता सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंद या नायकाच्या कादंबऱ्यांसाठी खोळंबून असायचा. एकदा आणलेल्या पुस्तकाची शेवटची चार पानं कुणीतरी फाडलेली निघाली. रात्रीचे अकरा वाजलेले. दादा तसेच पुस्तक घेऊन गॅलरीत आले, शेजारचे दोघं-तिघं जमले आणि खुनी कोण यावर जो वाद पेटला तो एक वाजेपर्यंत. आईने एकदाही ‘आत या’ म्हणून हाक मारली नाही. कितीतरी दिवसांनी दादांचा आवाज चढलेला ती ऐकत होती.

संपातून हाती काही लागलं नाही. शनिवार मात्र दर आठवड्याला यायचा.

म्हणून सांगते, ही पुस्तकं बक्षीस म्हणून राखून ठेवू नकोस. ‘नोकरी लागली तरच वाचीन’ अशी अट घातलीस तर ते पुस्तकही तुझी चौथी मुलाखत होऊन बसेल. ते येईल त्या दिवशी उघड, मग आठवडा कसाही गेलेला असो.

आणि तुझी ओढ नेमकी रहस्यकथेकडेच का, हे मला कळतं. तिथे बाराव्या पानावर उघडी राहिलेली खिडकी का उघडी होती, ते दोनशेव्या पानावर सांगतात. तुला या आठवड्यात धड कारण कुणी दिलं? ‘कळवतो’ म्हणणारा कळवत नाही. त्या तिसऱ्या शाळेत मात्र एक फोन कर आणि पाठ कुठे कमी पडला ते सरळ विचार. सांगितलं तर पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

नवऱ्याचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, पण गप्पही बसू नकोस. बहुतेक त्याला पैशांची धास्ती आहे, पुस्तकाचा राग नसावा. भरलेले पैसे भरलेस, त्याची टोचणी नको. दुसरी कादंबरी वाचनालयातून मिळव. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, त्यामुळे वर्गणी सहसा परवडते. नवं पुस्तक घ्या म्हणून सुचवलंस तर ग्रंथपाल ऐकतातही. दिवाळी अंकांची योजना असेल तर नाव नोंदव. रहस्यकथांसाठी ओळखला जाणारा ‘धनंजय’ असे अंक तिथे घरी न्यायला मिळतात.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेव. ज्या दिवसांत या पुस्तकांचीही ओढ वाटेनाशी होईल, झोप उडेल, जेवण जाणार नाही, तेव्हा मला पत्र लिहून उत्तराची वाट बघत बसू नकोस. सरळ डॉक्टरांकडे जा. आज तसं दिसत नाही, तुझ्या पत्रात त्या दोन कादंबऱ्यांवरच पाऊण पान आहे!

शनिवारी वाचनालयात जा. नवऱ्यालाही बरोबर ने, आणि दुसऱ्या कादंबरीसाठी पहिला नंबर तुझा लाव.

– तुझी मावशी