शाळेतल्या एकट्या ग्रंथपालाला

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

शाळेत गणिताच्या मास्तरांना अडलं तर दुसरे गणितवाले असतात. ग्रंथपाल तू एकटीच. तुला अडलं तर विचारशील कोणाला? म्हणून सांगतो, पहिल्याच वर्षी ग्रंथपालांच्या संघाची सभासद हो.

संघ म्हटलं की आपल्याकडे मोर्चा, निवेदन आणि अर्धवेळचं पूर्णवेळ करून घेणं, एवढंच लोकांना आठवतं. ती लढाई खरीच आहे. पद पटसंख्येवर ठरतं आणि खेड्यांत पट घटतो आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत, असं लिहिलं आहे. ग्रंथपालाचं नाव मात्र तिथं नाही. एकटीच्या अर्जाला कोण विचारतं? हे सगळ्यांनी मिळूनच मागायला हवं.

पण मला जास्त जिव्हाळा आहे तो संघात होणाऱ्या कामाच्या बोलण्याचा. वाळवी लागलेली पुस्तकं वर्षानुवर्षं कपाटात का पडून असतात? निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी पुस्तकं नोंदवहीतून रीतसर काढून टाकण्याच्या धास्तीनं. मोजणीत एक पुस्तक कमी भरलं तर आपल्याच पगारातून जाईल, या भीतीनं ग्रंथपाल कुलूप लावतो आणि पोट्टे काचेतून पुस्तकं पाहत राहतात. शेजारच्या तालुक्यातल्या कोणीतरी मुख्याध्यापकांकडून समिती नेमून घेतलेली असते, यादी केलेली असते, ठराव मंजूर करून घेतलेला असतो. त्या ठरावाचा मसुदा हाती आला की निम्मी धास्ती जाते. ‘ग्रंथ वापरासाठी आहेत’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच नियमांतला पहिला नियम तू परीक्षेत लिहिलास. तो शाळेत लागू कसा करायचा, हे ज्यांनी केलं तेच सांगू शकतात.

बाहेरही आपली माणसं आहेत. शालेय ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून काम करते. इफ्ला, म्हणजे ग्रंथालय संघटनांचा जागतिक महासंघ, आणि युनेस्को यांचा शालेय ग्रंथालय जाहीरनामा १९९९ चा. भाषा कुठलीही असो, प्रत्येक मुलाला सारखी सेवा मिळावी, असं तो म्हणतो. तुझ्या वर्गांत कोलामी, गोंडी बोलणारी मुलं आहेत ना? मग हे वाक्य मुख्याध्यापकांना वाचून दाखव आणि त्या मुलांना समजतील अशी चित्रांची पुस्तकं माग. कापूस वेचणीच्या दिवसांत ती शाळेत कमी येतात, तेव्हा पुस्तक घरी नेऊ देण्याची सवलतही माग.

एक मात्र जप. वर्गणी भरून गप्प बसणारे सभासद पुष्कळ आहेत. तू प्रश्न घेऊन जा. तालुक्यात सभा होत नसेल तर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आजूबाजूच्या चार शाळांच्या ग्रंथपालांना बोलाव. जागा तुझ्या शाळेचीच चालेल. मी येईन. पुस्तकांची दाखल नोंदवही आणि फाटक्या पुस्तकांची यादी तयार ठेव, निर्लेखनाचा प्रस्ताव त्याच दिवशी सोबत बसून लिहू.

तुझा,
काका