पोट बिघडलं म्हणून छातीची फिजिओ बंद करायची का?

प्रश्न : आम्ही साखळीला राहतो. माझ्या ६ वर्षांच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस (अंगातला चिकटा घट्ट करणारा जन्मजात आजार) आहे. रोज सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर देतो आणि मग छाती थोपटून कफ काढतो, म्हणजे छातीची फिजिओ. यंदा चवथीनंतर त्याला उलट्या-जुलाब लागले, थोपटायला घेतलं की हा ओकायचा. सासूबाई म्हणतात पोट बरं होईपर्यंत राहू दे पोराला, नवरा म्हणतो एक दिवसही चुकवायचं नाही. नक्की काय करायचं?
– एक आई

उत्तर : ताई, बंद करायची नाही, पण रोजच्यासारखीही करायची नाही. आजारपणात वेळ, बसण्याची पद्धत आणि किती वेळ करायची हे तिन्ही बदलायचं.

आधी पाण्याचं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. या आजारात फुफ्फुसातला चिकटा मुळातच घट्ट असतो, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की तो अजून घट्ट होतो, मग तुम्ही कितीही थोपटा, कफ जागचा हलत नाही. वर या मुलांच्या घामातून मीठ इतरांपेक्षा खूप जास्त जातं, आपल्याकडचा दमट उकाडा तुम्हाला माहीतच आहे, त्यात जुलाब लागले की मीठ झपाट्याने कमी होतं आणि मूल एकदम गळून जातं. म्हणून ओआरएस हीच त्या दिवसांतली पहिली फिजिओ समजा. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायचं, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने टाकायचं नाही, आणि उरलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग चमच्याने दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. तहान लागली म्हणून गटागट प्यायला दिलं तर ते परत बाहेर येणार. आडसराचं (शहाळ्याचं) पाणी लोकं हमखास देतात, द्या थोडं, पण त्यात सोडियम कमी असतं, ते ओआरएसच्या जागी चालत नाही. मीठ घातलेली पेज मात्र उत्तम, पोटात काही टिकायला लागलं की लगेच सुरू करा. कोल्ड्रिंक आणि बाटलीतले गोड ज्यूस नकोच, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात. अन्न पचवायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवण सुरू झालं की नेहमीसारख्या, नुसत्या ओआरएसला लागत नाहीत.

आता फिजिओ. उलटी झाल्या झाल्या हात लावू नका, मळमळ बसू दे, निदान अर्धा तास तरी. सगळ्यात बरी वेळ म्हणजे सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, आणि काही खाल्लं असेल तर दीड-दोन तासांनी. डोकं खाली करून झोपवायचं नाही म्हणजे नाही! पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं तर ते दुखणं जुलाबांपेक्षा भारी पडतं. मांडीवर नाहीतर खुर्चीत ताठ बसवा, किंवा डोक्याखाली उशी घेऊन कुशीवर, आणि एका दमात वीस मिनिटं न करता पाच-सात मिनिटांचे छोटे तुकडे दिवसभरात वाटून घ्या. ६ वर्षांच्या मुलाला हफ जमतो. तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ धरतो तसा श्वास जोरात बाहेर टाकायचा. खोकून खोकून ओकारी येते, हफने त्यामानाने कमी येते, म्हणून या दिवसांत थोपटणं हलकं आणि हफ जास्त. मध्येच ओकला तर लगेच पुढे वाकवून बसवा, तोंड साफ करा, आणि ती वेळ तिथेच सोडून द्या, पुढच्या वेळी बघू.

नेब्युलायझरमध्ये खारं म्हणजे हायपरटॉनिक सलाईन चालू असेल तर त्याने खोकला येतोच, आणि ओकणाऱ्या मुलाला तो झेपत नाही. ते एक दिवस थांबवायचं की साधं सलाईन द्यायचं हे तुमच्या डॉक्टरांना फोनवर विचारा. नेब्युलायझरचं अँटिबायोटिक आपल्या मनाने बंद करू नका.

एखादी रात्र मूल अगदीच निपचित आहे आणि एक वेळ चुकली, तर त्याने बिघडत नाही, सासूबाईंचंही त्यात चुकत नाही. पण पूर्ण दिवस गेला तर डॉक्टरांना कळवायचंच. आणि हे दिसलं तर घरी थांबूच नका : हिरवी उलटी, पोट फुगलंय आणि शी होत नाहीये, बेंबीच्या खाली उजव्या बाजूला दुखतंय (यात आतडं तुंबलेलं असू शकतं, ते साधे जुलाब नव्हेत), सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, हाक मारली तरी मान टाकतंय, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत. १०८ला फोन करा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो की जवळच्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य ‘याला सिस्टिक फायब्रोसिस आहे’ हेच बोला, कारण मग रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड लगेच तपासलं जातं, आणि नुसते जुलाब म्हणून सलाईन लावून बाजूला ठेवत नाहीत. ॲडमिट झालं तर वॉर्डातही फिजिओ चालू ठेवायला सांगा, तिथे ती हमखास राहून जाते.

प्रश्न : नातीच्या उलटीत नेहमी बेडका दिसतो. फिजिओमुळेच तिचं पोट बिघडतं का?
– एक आजी, फोंडा

उत्तर : नाही आजी. लहान मुलांना कफ थुंकता येत नाही, ती गिळून टाकतात, तोच उलटीत दिसतो. खोकता खोकता एकदा ओकली आणि लगेच खेळायला लागली तर ते खोकल्यामुळे. उलटीबरोबर ताप, जुलाब, खायची इच्छा नाही असं असेल तर पोटाचं इन्फेक्शन. शी तेलकट, खूप वासाची आणि पाण्यावर तरंगणारी असेल तर तिच्या एन्झाइमचा डोस डॉक्टरांना दाखवून घ्या, जुलाब थांबवायची गोळी देऊ नका.

घरात कुणाला जुलाब असतील तर तिच्या नेब्युलायझरला हात लावायच्या आधी ते हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर अशा काही व्हायरसवर नीट चालत नाही. कप आणि मास्क रोज साबणाने धुवून, जे भाग उकळायला चालतात ते पाच मिनिटं उकळा, आणि पुसायला पंचा घेऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे काहीच वाळत नाही, म्हणून स्वच्छ कागदी नॅपकिनवर पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच डब्यात भरा.