तारेवर नाव कुणाचं? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या की आमच्या काजूच्या बागायतीत आमची काळी, म्हणजे घरची कुत्री, रानडुकरासाठी लावलेल्या फासात अडकली आणि मला सकाळी पक्कड घेऊन धावत जावं लागलं. एवढ्यावरून इतकी पत्रं नि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. कुणी फासाबद्दल विचारलंय, कुणी फरबद्दल, एका बाईंनी तर थेट कॅनडातल्या सापळेवाल्यांच्या संघटनेबद्दल. या महिन्यात बाकी सगळं बाजूला ठेवून हेच घेतो. नावं छापत नाही, गावं तेवढी देतो.

गोव्यातल्या वाळपईहून एक वाचक लिहितात: भाऊ, माझा मुलगा कॅनडात उत्तर ओंटारिओमध्ये नोकरीला आहे. तिथे त्याच्या शेजाऱ्याबरोबर तो फरसाठी जनावरं पकडणाऱ्यांच्या संघटनेच्या मेळाव्याला जाऊन आला आणि त्याने मला फोटो पाठवले, टेबलावर कातडी मांडलेली, शाळेतली मुलं बघतायत. मला रात्रभर झोप नाही लागली. हा गुन्हा नाही का? आणि असल्या कामाची संघटना कशी काय असते?

ताई, तिथे तो गुन्हा नाही, आणि तुमचा मुलगा मेळावा बघून आला यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तो देश उभाच मुळी फरच्या धंद्यावर राहिला. हडसन्स बे कंपनीची सनद 2 मे 1670 ची, आणि ती कंपनी निघाली बीव्हर या पाण्यातल्या मोठ्या उंदरासारख्या जनावराच्या कातड्यासाठी, कारण युरोपात त्या केसांच्या नमद्याच्या हॅटा घालायची फॅशन होती. त्या कंपनीची उरलीसुरली दुकानंसुद्धा जून 2025 मध्ये बंद झाली, म्हणजे साडेतीनशे वर्षं झाली त्या गोष्टीला.

संघटना काय करतात विचारलंत तर वर्षाला एक मेळावा, त्यात कातडं कसं सोलायचं, मांस कसं खरवडायचं, फळीवर ताणून कसं सुकवायचं याची प्रात्यक्षिकं, स्पर्धासुद्धा, नव्या पोरांना शिकवायचे वर्ग, जुन्या सामानाची विक्री, आणि सरकारदरबारी आपलं म्हणणं मांडणं. अमेरिकेतली त्यांची राष्ट्रीय संघटना 1959 पासून आहे. ओंटारिओमध्ये कोर्स केल्याशिवाय लायसन्स नाही. सरकारी जंगलात ज्याची त्याची हद्द नोंदवलेली असते, ट्रॅपलाइन म्हणतात तिला, ब्रिटिश कोलंबियात ही नोंदणी 1920 च्या दशकातच सुरू झाली. दुसऱ्याच्या लाइनीत सापळा लावला तर भांडणं होतात, आपल्याकडे मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, मासळीवरून होतात ना, तशी. हंगाम थंडीचा, कारण केस तेव्हाच दाट असतात. लावलेला सापळा किती तासांनी जाऊन बघायचा त्याचेही नियम, कुठे 24 तास, कुठे 72. आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत प्रत्येक सापळ्यावर मालकाचं नाव किंवा नंबर कोरलेला पत्रा लावावाच लागतो.

हे शेवटचं जरा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता तुमची झोप का उडाली तेही मला कळतं. 1997 मध्ये युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांनी सापळ्यांबद्दल एक करार केला, 19 जातींच्या जनावरांसाठी. त्यात मारणारा सापळा कुठला चालेल याची अट सेकंदांत लिहिली आहे, जनावर किती वेळात बेशुद्ध पडायला हवं ते. छोट्या अर्मिनसाठी 45 सेकंद, मार्टेनसाठी 120 (दोन्ही मुंगसासारखी दिसणारी फरची जनावरं), बाकीच्यांसाठी 300. तीनशे सेकंद म्हणजे पाच मिनिटं. घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटं नुसती बसून बघा, मी बसलो होतो. हा त्यांचा चांगला नियम, सुधारलेला, आणि तरीही पाच मिनिटं. त्या यादीत पाणमांजरही आहे. म्हणून संघटनेची शिस्त मला मान्य आहे पण फर मला नको, हे दोन्ही मी एकाच वेळी म्हणतो आणि मला त्यात काही विसंगत वाटत नाही.

धंदा तसाही उतरणीला लागलाय. टोरोंटोचं नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स हे मोठं लिलावघर 2019 मध्ये कर्जात बुडालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने फरसाठी सापळे लावायलाच बंदी केली. जॅकेटच्या टोपीला कोयोटीची, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या जनावराची, फर लावणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने 2021 मध्ये जाहीर केलं की आता फर घेणार नाही. मुलाला विचारा, मेळाव्यातली म्हातारी माणसं याच गोष्टी बोलत असतील.

सत्तरीतल्या एका गावातून: तुमची कुत्री वाचली, बरं झालं, पण आमचं काय? डुकरं रात्रीत सुरण, कणगी सगळं उकरून टाकतात, बोंडू पडायला लागले की काजूत घुसतात. शेजारी फास लावतो, मी अजून लावला नाही. तिकडे संघटना चालते तर इथे आम्ही शेतकऱ्यांनी तशी संघटना का करू नये?

भाऊ, तुम्ही अजून लावला नाही हे लिहिलंत त्याबद्दल आधी हात जोडतो. मीही बागायतवाला आहे, एका रात्रीत गेलेलं सुरण मी पण बघितलंय, सकाळी त्या उकरलेल्या मातीकडे बघताना जो राग येतो तो शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही.

पण तशी संघटना आपल्या देशात होऊच शकत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या अर्थातच सापळा लावणं, फासात पकडणं येतं, नुसता प्रयत्न केला तरी येतं. डुक्कर मिळालं नाही म्हणून सुटलो असं नाही. आणि फासाला डुक्कर कुठलं, बिबट्या कुठला हे कळत नाही हो. वाट एकच असते, त्याच वाटेने साळिंदर जातं, खवल्या मांजर जातं, बिबटा जातो. बिबटा अडकला आणि मेला तर तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतला प्राणी, तीन ते सात वर्षांची कैद, आणि तुमचा शेजारी कोर्टात सांगत बसणार की मी तर डुकरासाठी लावला होता. 2009 मध्ये केरीच्या रानात वाघ मारला गेला, 2020 च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेलेले सापडले, तेव्हा सत्तरीतल्या घराघरांत पोलीस नि फॉरेस्टवाले किती दिवस फिरत होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

फास कसा काम करतो ते मी काळीच्या गळ्यात बघितलं. मोटारसायकलच्या क्लचची जुनी वायर होती, एका टोकाला गाठ मारून केलेला डोळा, त्यातून दुसरं टोक ओवलेलं, आणि ते काजूच्या बुंध्याला तीन वेढे देऊन बांधलेलं. जनावर पुढे जातं, तार आवळते, घाबरून ओढतं, अजून आवळते, आणि मग सैल होतच नाही कारण वायरीचे पीळ एकमेकांत बसतात. मी तारेखाली करंगळी घालायला गेलो तर करंगळी जाईना, केस कापून तार कातडीत बसली होती. बुंध्याभोवती तिने गोल फिरून फिरून माती पार गुळगुळीत केली होती, म्हणजे रात्रभर फिरत होती बिचारी आणि आम्ही घरात झोपलो होतो. त्या तारेवर कुणाचं नाव नव्हतं. मी गावात विचारलं, कुणाचीच नव्हती.

म्हणूनच वर म्हटलं ते लक्षात ठेवा. तिकडचा माणूस सापळ्यावर नाव लावतो, ठरलेल्या वेळात जाऊन बघतो, जे झालं त्याला उत्तर देतो. आपल्याकडे फास लावणारा लावतो आणि विसरतो, चार दिवस पाऊस पडला की जातच नाही, हंगाम संपला तरी तार तिथेच. तुम्हाला त्यांच्याकडून काही घ्यायचंच असेल तर फास घेऊ नका, हे जबाबदारीचं घ्या.

आता डुकरांचं काय करायचं. सौर कुंपणाला कृषी खात्याकडून अनुदान मिळतं, वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा, आणि चार-पाच बागायतदार मिळून एक सलग कुंपण घाला, एकट्याने घातलं की डुक्कर शेजारून येतंच. कुंपणाखालचं गवत मात्र कापत राहावं लागतं, गवत तारेला टेकलं की करंट उतरतो, आणि मग लोक म्हणतात सोलरचा काही उपयोग नाही. घरातल्या लाइनीची वायर कुंपणाला जोडायची कल्पना कुणी दिली तर त्याला तिथेच थांबवा, त्यात माणसं मेलेली आहेत. पिकाचं नुकसान झालं तर शेतकरी आधार निधीतून भरपाई मागता येते, त्यासाठी उकरलेल्या जागेचे फोटो त्याच दिवशी काढा, माती सारखी करून झाल्यावर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. आणि डुकरांचा फारच उपद्रव असेल तर शिकारीची लेखी परवानगी द्यायचा अधिकार कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकाला दिलेला आहे, तिथे गावाने मिळून अर्ज करावा. कागदाला वेळ लागतो, मला माहीत आहे, पण तो कागद तुमच्या नावाचा असतो.

चोडण बेटावरून: आमच्या मानशीजवळ पाणमांजरं येतात, जाळी फाडतात, मासे खातात. एक जण म्हणाला कातड्याला चांगले पैसे मिळतात. खरं का?

पैसे मिळायचे हे खरं आणि त्याच पैशांनी देशात कितीतरी नद्यांवरून पाणमांजरं संपली. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचे राठ, आतले इतके दाट की पाण्यात बुडी मारली तरी कातडीपर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून त्या कातड्याला मागणी. तिबेटी पोशाखाच्या काठाला पाणमांजराची, बिबट्याची कातडी लावायची पद्धत होती, 2006 मध्ये दलाई लामांनी हे सोडा असं सांगितल्यावर तिबेटात लोकांनी असले कपडे ढीग करून जाळले.

तुमच्याकडे खारफुटीत दिसतं ते मऊ केसांचं पाणमांजर, कुटुंबाने फिरणारं. ते आता पहिल्या अनुसूचीत आहे आणि 2019 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद आहे. कातडं विकणारा, विकत घेणारा, नुसतं घरात ठेवणारा, सगळे सापडतात. त्या माणसाशी हा विषय परत काढू नका.

जाळ्याचं म्हणाल तर रात्रभर लावून ठेवलेलं जाळं म्हणजे त्यांना वाढून ठेवलेलं ताट. शक्य असेल तर जाळ्याजवळ माणूस ठेवा, नाहीतर उजाडायच्या आधी उचला, नाहीतर तुमचं जाळं जातं आणि कधीकधी त्यात अडकून पिल्लू बुडून मरतं. बांधावर त्यांची शिटायची ठरलेली जागा असते, माशांचे खवले नि कुर्ल्यांचे तुकडे दिसतात, वास येतो, तिथून लांब जाळं लावा. आणि सकाळी पाच-सहा जणांचा कळप पाण्यातून डोकी वर काढून शिट्टीसारखा आवाज करत जातो ना, ते बघायला लोक पैसे खर्चून तुमच्या बेटावर येतात. तुम्ही ते दारात बसून बघता.

मडगावहून कॉलेजची विद्यार्थिनी: पर्यटकांच्या बाजारातून फरचा गोंडा असलेली की-चेन घेतली. खरी फर आहे की खोटी कसं कळणार?

केस फुंकर मारून बाजूला कर आणि मुळाशी बघ. खाली कापडाची वीण दिसली तर खोटी, चामडं दिसलं तर खरी. दोन-तीन केस उपटून वाटीत जाळ, बाल्कनीत, आई घरात असताना. खरा केस जळताना डोक्याचा केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, खोटा वितळून कडक मणी होतो. आपल्या देशात 2017 पासून मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरची आयात बंद आहे, तरी सशाची वगैरे सर्रास मिळते. खरी निघाली तर दुकानदाराला जाऊन सांग की मला हे नको होतं. तुझ्यासारख्या दहा मुलींनी सांगितलं की तो पुढच्या वेळी माल भरताना विचार करेल.

पेडण्याहून: आमचा कुत्रा फासात सापडला तर नक्की काय करायचं? तुम्ही काय केलंत?

आधी डोक्यावर पोतं टाका, कितीही लाडका असला तरी त्या वेळी तो चावतो, मला काळी चावली. मग एकाने त्याला बुंध्याच्या दिशेने ढकलून धरायचं, म्हणजे तार सैल पडते. ओढायचं नाही, ओढलं की आवळते. तार गळ्याशी नाही, झाडाकडच्या बाजूने आधी कापा म्हणजे ताण जातो, मग गळ्याजवळची सावकाश. कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला तरी डॉक्टरकडे न्याच, काळीचा गळा दुपारी सुजला, सकाळी काहीच दिसत नव्हतं. तारेखाली कातडी कुजते ती आठवड्याने कळते.

रानटी जनावर अडकलेलं दिसलं तर यातलं काहीच करू नका. लांब राहा, मोबाइलवर फोटो काढत बसू नका, माणसं जमू देऊ नका, आणि फॉरेस्टवाल्यांना फोन करा, बेशुद्धीचं इंजेक्शन त्यांच्याकडेच असतं. माणसांचा गलका झाला की बिबटा उड्या मारतो आणि कमरेत बसलेली तार आतली आतडी कापते, वरून जखम दिसतही नाही.

आणि कापलेली तार ओहोळात फेकू नका. माझी मी डब्यात घालून रेंज ऑफिसला नेऊन दिली, कुठल्या झाडाला होती ते कागदावर लिहून. काळी बरी आहे, गळ्याभोवती केस अजून आले नाहीत.