हरलं की मोबाईल फेकतो, गेम बंदच करून टाकू का?

यंदाच्या उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा आहे. पोरगं मित्रांसोबत ऑनलाइन गेम खेळतं, हरलं की आरडाओरडा, दार आपटणं, जेवणावर राग, मॅडम काय करू. जळगावला माझ्याकडे समुपदेशनाला येणारे विचारतात, लग्नात भेटलेले विचारतात, रावेरकडच्या एका भाऊंनी तर केळीच्या बागेतून व्हिडिओ कॉल लावून विचारलं. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे, पारा 44-45 ला टेकलेला, दुपारी बारा ते पाच पोराला बाहेर पाठवायची कोणाची हिंमत नाही, मग ते घरात बसून मित्रांसोबत गेम खेळणार नाही तर काय करणार. म्हणून एक केस सविस्तर सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कुटुंब अमळनेरचं. वडिलांचं दुकान, आई घरी शिवणकाम करते, आजी आणि नववीतून दहावीत गेलेला मुलगा. घरी सगळे त्याला भैय्या म्हणतात, मी पण तेच म्हणते. सकाळच्या गाडीने तिघं आले आणि आईने पर्समधून काच फुटलेला मोबाईल काढून माझ्या टेबलवर ठेवला.

"मॅडम, हा तिसरा," वडील म्हणाले. "लोकं सांगतात व्यसन आहे. याचं ते गेम सुटलंच पाहिजे, बस."

"आधी असा नव्हता हो ताई," आई म्हणाली.

भैय्या पंख्याकडे बघत होता.

आधी त्या व्यसन शब्दाबद्दल बोलते, कारण तो फार लवकर वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू झाली. पण त्यात काय बघतात? खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळं आयुष्य गेमच्या मागं पडलंय का, नुकसान होतंय हे दिसत असून खेळणं चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का. हरल्यावर चिडणं एवढ्यावरून कोणाला व्यसनी म्हणता येत नाही. भैय्या शाळेत जात होता, क्लासला जात होता, रात्री अकराला झोपत होता. त्याला फक्त हरणं सहन होत नव्हतं, आणि आम्हा सगळ्यांना तेव्हा एवढंच वाटत होतं.

मी पहिल्या भेटीत कोणत्याच मुलाला गेम बंद कर म्हणत नाही. मी म्हणते, मला दाखव. त्याने दाखवलं, आणि पंधरा मिनिटांत तो पंख्याकडे बघणारा मुलगा राहिलाच नाही. त्याचा जीव टेट्रिसवर. 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी बनवलेला तोच ब्लॉकचा गेम, वरून तुकडे पडतात, ओळ भरली की गायब. पण आता तो समोरासमोर खेळतात. तुम्ही एकदम दोन-चार ओळी साफ केल्या की समोरच्याच्या बोर्डवर खालून कचऱ्याच्या ओळी चढतात आणि त्याची जागा कमी होत जाते. यात भैय्याला गल्लीत तोड नव्हती. पाच जणांची टोळी, त्यातल्या एकाचे वडील कामासाठी सुरतला गेले, निम्मा खान्देश सुरतला आहेच, तर तो मित्र तिकडून खेळायचा. चौघं सतत हरायचे. मग त्यांना कंटाळा आला आणि सगळे दुसऱ्या गेमांवर गेले. स्टंबल गाईज, म्हणजे बत्तीस जण पडत-धडपडत पळतात आणि दर राउंडला काही बाद होतात. अमंग अस, म्हणजे आपल्यातला लबाड कोण ते बोलून शोधायचं. आणि लुडो तर आहेच.

"तिथं कोणी पण जिंकतं मॅडम," तो म्हणाला. "जो काहीच नाही करत तो पण. अनफेअर आहे ते."

हा शब्द मी धरून ठेवला. कारण त्याचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त त्याने काढलेला अर्थ चुकीचा होता. टेट्रिससारख्या गेममध्ये जो चांगला तोच बहुतेक वेळा जिंकतो. पार्टी गेममध्ये नशीब मुद्दाम मिसळलेलं असतं. 1996 च्या मारिओ कार्ट 64 या शर्यतीच्या गेममध्ये मागे पडलेल्यांच्या हाती असं एक निळं कवच लागायचं जे थेट पहिल्या नंबरवाल्याच्या मागे लागतं. 1998 पासूनच्या मारिओ पार्टीत शेवटच्या क्षणी बोनस स्टार वाटतात आणि सगळं उलटंपालटं होतं. ही काही चूक नाहीये, मागं राहिलेल्याला शेवटपर्यंत खेळावंसं वाटावं म्हणून केलेली ती सोय आहे. आपल्या सोंगट्यांमध्ये, पत्त्यांमध्ये दुसरं काय असतं? मी त्याला विचारलं, तुझ्या मित्रांनी तो गेम का निवडला असेल? तो म्हणाला, "त्यांना टेट्रिस येत नाही म्हणून." मी म्हटलं, बघ विचार करून.

दुसरी भेट साधारणच गेली. तिसऱ्या भेटीत जे झालं त्यासाठी हे सगळं लिहितेय.

मी विचारलं, "मित्रांशी शेवटचं भांडण कधी झालं रे?"

"वीस-बावीस दिवस झाले असतील."

"मॅडम, खोटं बोलतोय," वडील मध्येच म्हणाले, "परवाच उशी फेकली याने, रोज रात्री चिडतो."

"रोज चिडतोस, पण मित्रांशी भांडून वीस दिवस झाले. मग रोज खेळतोस कोणासोबत?"

"रँडम लोकांसोबत."

"आणि मित्र?"

मग तो बराच वेळ काही बोलला नाही. अशा वेळी आईवडिलांना राहवत नाही, ते मुलाच्या वतीने उत्तर देऊन टाकतात, म्हणून मी हाताने खूण करून दोघांना थांबवलं आणि स्वतः पण गप्प बसले. इतक्या वर्षांत मी हेच एक नीट शिकलेय असं मला वाटतं, गप्प बसणं.

"मला कोड येत नाही," तो म्हणाला.

वडिलांना कळलंच नाही. "कसला कोड? पासवर्ड विसरला का?"

मग त्यानेच सांगितलं. मित्रांची खाजगी रूम असते, एकजण बनवतो, अमंग असमध्ये तिचा सहा अक्षरांचा कोड असतो, तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि ज्याच्याकडे कोड तोच आत येऊ शकतो. पोरांनी त्याला न घेता दुसरा ग्रुप केला होता. सुरतच्या मित्राच्या स्टेटसवर चौघांचा स्क्रीनशॉट त्याने बघितला होता. तेव्हापासून रोज रात्री तो जुना ग्रुप उघडून बसायचा, मग अनोळखी लोकांसोबत खेळायचा, हरायचा आणि उशी फेकायचा.

आईचा हात त्याच्या पाठीवर गेला. ती म्हणाली, "मला वाटलं गेमचा राग आहे."

मला पण बऱ्याच अंशी तसंच वाटलं होतं. आपण सगळे विचारतो किती तास खेळतो, मी पण वर्षानुवर्षं हेच आधी विचारत आले. त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न बदलला, आता मी विचारते कोणासोबत खेळतो. मित्रांसोबतच्या गेममध्ये बिघडलं तर ते बहुतेक वेळा मैत्रीचं बिघडलेलं असतं आणि आपण मोबाईल काढून घेतो, म्हणजे जो दरवाजा आधीच अर्धा लागलाय तो आपण बाहेरून कडी लावून बंद करतो.

पुढचा उपाय मात्र माझा नाही, वडिलांचा आहे. मी त्यांना सहज विचारलं, भाऊ, तुमच्या लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्ते चालायचे की नाही? आपल्याकडे आखाजीला पत्ते नाहीत असं घर कोणतं. पोरीबाळी माहेरी आलेल्या, झाडाला झोके, सालदारांचं साल संपलेलं, आणि ओट्यावर पत्ते. वडील एकदम मोकळे झाले. म्हणाले, "आमचा एक चुलतभाऊ होता ना, हारला की पत्ते फाडायचा. दोन वर्षं त्याला कोणी बसू देत नव्हतं. मग आजोबा म्हणाले, त्याले पत्ता पिसाले बसाडा. तो एक डाव खेळायचा नाही, फक्त पिसायचा, वाटायचा, भांडण झालं तर निवाडा करायचा. मग हळूहळू खेळायला पण लागला."

"मग त्याने पत्ते फाडले का परत?" भैय्याने विचारलं. इतक्या भेटींत त्याने बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"नाही ना. त्याला लोकं पत्ते मागायला लागले होते."

मी त्या क्षणी काहीच शिकवलं नाही याचा मला आजही आनंद आहे.

मधल्या दोन भेटी आम्ही एका अक्षरावर काम केलं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विचाराने काम करते. आपण स्वतःशी काय बोलतो त्यावर आपला राग ठरतो असं ते सांगायचे, आणि आपल्या मराठीत तर हे पकडायला एक अक्षर पुरतं, च. मी जिंकलोच पाहिजे. त्यांनी मला बोलावलंच पाहिजे. भैय्याने वहीत त्याची अशी वाक्यं लिहिली आणि च काढून परत वाचली. मला जिंकायला आवडेल. बोलावलं तर बरं वाटेल, नाही बोलावलं तर वाईट वाटेल. वाईट वाटणं राहतंच, ते राहू द्यायचं, पण मोबाईल फेकण्याइतकं ते वर चढत नाही. तेव्हा वडील स्वतःहून म्हणाले, "माझं पण 'ते गेम सुटलंच पाहिजे' असंच होतं ना मॅडम." मी मान डोलावली.

मग भैय्याने पत्ते पिसायला घेतले, म्हणजे जिंकण्याऐवजी डाव मांडायचं काम. स्क्रिबल नावाचा एक फुकट गेम आहे, ब्राउझरमध्ये चालतो, एकजण चित्र काढतो, बाकीचे शब्द ओळखतात. त्यात खाजगी रूम बनवताना स्वतःचे शब्द टाकता येतात. याने आजीला सोबत घेऊन तीस शब्द काढले, फुणके, कळण्याची भाकरी, भरीत, खापर, मांडे, असे. शब्द यानेच टाकलेले म्हणजे याला सगळे माहीत, म्हणून हा ओळखायच्या भानगडीत पडणार नाही, फक्त आपली पाळी आली की चित्र काढणार. मित्रांना मेसेज काय टाकायचा यावर आम्ही बरंच बोललो. माफीचं मोठं भाषण नको असं माझं मत होतं. त्याने लिहिलं, "मागच्या वेळी मी जास्तच बोललो, सॉरी. नऊ वाजता रूम करतोय, यायचं असेल तर या." आणि खाली लिंक. यायचं असेल तर या, हे वाक्य त्याला जमलं तेव्हाच मला वाटलं की पोरगं निम्मं बाहेर आलं.

पहिल्या दिवशी दोघंच आले. आणि भांडण झालंच, कारण त्या गेममध्ये स्पेलिंग जुळावं लागतं, एकाने इंग्रजी अक्षरांत भरीत वेगळं लिहिलं आणि उत्तर चुकीचं धरलं गेलं. भैय्याने मला नंतर सांगितलं की त्याचा हात थरथरत होता. पण निवाडा त्यालाच करायचा होता. तो म्हणाला, हा डाव सोडा, पुढच्या वेळी फोन चालू ठेवू, तोंडाने बोललं तरी धरू. चौथ्या दिवशी सुरतचा मित्र आला.

आता जे पालक हे वाचतायत त्यांच्यासाठी. मुलाच्या शेजारी बसा आणि एक डाव तुम्ही खेळा, हरा, आणि हरल्यावर तुम्ही काय बोलता ते त्याला बघू द्या, कारण घरात क्रिकेट हरल्यावर टीव्हीला शिव्या देणारा बाप पोराला हरणं शिकवू शकत नाही. सगळ्यांची ताकद सारखी नसेल तर चुरशीचा पझल गेम रोज नको, नशिबाचा किंवा मिळून खेळायचा गेम मध्येमध्ये असू द्या. ओव्हरकुक्डसारख्या गेममध्ये सगळे मिळून स्वयंपाक करतात आणि मिळूनच जाळतात, तिथं एकट्याची हार नसते. डाव चालू असताना मोबाईल हिसकावू नका, मध्येच गायब होणाऱ्या पोरावर मित्र चिडतात आणि त्याची किंमत तो एकटा मोजतो, आधीच सांगा दोन डाव झाले की बंद. पैसे लावायचा गेम असेल तर तिथं मात्र सरळ नाही म्हणा, 2025 च्या केंद्राच्या कायद्याने तसे ऑनलाइन गेम बंदच केलेत. आणि झोप, शाळा, जेवण सगळं सुटत चाललं असेल, मूल स्वतःला काही करून घेईन म्हणत असेल तर माझं लिहिलेलं वाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

भैय्या आता माझ्याकडे येत नाही. श्रावणात आईचा फोन आला होता, त्यांच्या भाऊबंदांत कानबाईचे, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीचे, रोट होते, सुरतचं कुटुंब पण गावी आलेलं, आणि पाचही पोरं त्यांच्याकडेच झोपायला. म्हणाल्या, ताई, मोबाईल किती वाजता गोळा करू, याचा दहाचा नियम आहे पण दुसऱ्यांच्या पोरांना कसं सांगू. मी म्हटलं, खेळ सुरू व्हायच्या आधी सांगा, पाचही जणांना एकदमच सांगा, आणि गोळा करायचं काम भैय्याकडे द्या.